पोटखराब

सोमवार ते शुक्रवार मी जमीन मोजतो.
दोन भाऊ दोन धुऱ्यांवर,
मधे मी, तिपाईला वाकलेला.
कोणाची तास कोणाच्या गटात गेली
ते सांगणं माझं काम.
सांगितल्यावर चहा मिळत नाही.

रविवारी कयाक.
नागपूरहून मागवलेली, केशरी, हवा भरायची.
पंप मारताना पाळीवर पोरं जमतात :
‘सायेब, हे फुटन ना?’
सोनबांधच्या तलावात मधोमध बेट आहे,
बेट म्हणजे काय, चार येनाची झाडं,
एक वारूळ, बाकी सगळी बेशरम.

तिथे मी डबा लपवला,
स्टीलचा, कडीचा, बायकोने टाकून दिलेला.
आत वही, पेन्सिल, चार गोट्या, एक शिट्टी.
पहिल्या पानावर नियम :
एक घ्या, एक ठेवा, नाव लिहा.
अक्षांश-रेखांश दशांशाच्या पाचव्या घरापर्यंत काढून
जगापुढे मांडले.
जगातून कोणी आलं नाही.
गोंदियाचा एक इंजिनीअर येतो म्हणाला होता,
त्याची बदली झाली.

दिवाळीनंतर उघडला तर शिट्टी नव्हती.
तिच्या जागी शिंगाडा, वाळून काळा पडलेला.
पुढच्या खेपेला एक गोटी गेली,
जाळ्याची शिशाची गोळी आली.
मग वहीत, नावाच्या रकान्यात,
मासोळीचं एक खवल
शिताने चिकटवलेलं.

माघातल्या धुक्यात गाठ पडली.
एका खोडाचा डोंगा, त्यात फागो मारबते,
बिडी विझलेली, ओठात तशीच.
यंत्र कुठलं वापरता, मी विचारलं.
‘बगरे,’ तो म्हणाला.
‘तू येऊन गेला का दोन दिस
बगरे त्या येनावर बसत नाई.
मंग पायलो, काय हाय तं.’
आणि शिट्टी?
‘नातीन वाजवते. बुढी वैतागली.’

डोंगा वळवता वळवता म्हणाला,
‘आता माहा तू ढुंड.
मोहाचा शेंडा मारुतीच्या झेंड्यावर आन.
टावर उजव्या खांद्यामागं.
जितं बास तराले लागत नाई, तितं थांब.
थांबलास का हात घाल.’

तीन रविवार गेले.
मोह झेंड्यावर आला की टॉवर खांद्यावरून घसरतो,
टॉवर धरावा तर झेंडा मोहाला सोडून
भलत्याच पळसामागे.
माझ्याकडच्या पक्षकारांसारखे,
तिघांचं एकमत होईना.
शिवाय वारा. केशरी कयाक पानासारखी फिरते.
फोन काढायचा नाही, एवढं स्वतःशी ठरवलेलं.

चैत्रात एकदाचे जुळले.
पाणी पार उतरलेलं, कोमट, शेवाळाचा वास.
बास मात्र इथे बुडतच गेला.
कोपरापर्यंत हात घातला.
मडकं नाही, दोरी नाही, डबा नाही.
थंड.
मनगटाएवढी एक धार खालून
बोटांना ढकलत वर येत होती,
आणि वीतभर बाजूला पुन्हा तेच कोमट.
किती वेळ तसाच वाकलो होतो, मोजलं नाही.

‘भेटला?’ लांबून आरोळी.
भेटला!
‘मंग ठेव ना काई!’

खिसे चाचपले. किल्ली. ओला रुमाल.
टेप होता, तीस मीटरचा.
तो काही ठेवला नाही,
दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

कार्यालयात बसून कळलं
की बोटाने सवयीने बटण दाबलं होतं कधीतरी.
ठिपका नकाशावर आला,
तलावाच्या गटात, ईशान्येला.
उतारा काढून पाहिला :
पोटखराब, वर्ग ब. आकार शून्य.

ठिपका पुसला.
आता पुन्हा मोह, झेंडा, टॉवर.
न्यायचं काय, ते अजून ठरत नाही.
शिट्टीवालीला विचारावं म्हणतो.